काळी, पांढरी आणि आपल्या घरच्या भिंती

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली तेव्हा सर्वांत मोठा वाद कशावरून झाला, हे आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. हळदीकुंकवाच्या खर्चावरून नाही, की पाहुणे कोण बोलवावेत यावरूनही नाही. वाद झाला तो मंडळाच्या खोलीला कोणता रंग द्यावा यावरून. निळा-हिरवा कोणालाच नको होता. घरासारखा, मातीच्या जातीचा, डोळ्यांस उबदार वाटेल असा रंग हवा, येथपर्यंत सर्वांचे एकमत होते. पुढे मात्र दोन तट पडले. एक तट म्हणे मोतिया किंवा फिकट बदामी. दुसरा म्हणे कॉफीचा नाही तर विटकरी. तो मळत नाही आणि हल्ली शहरात तसाच देतात. बोलता बोलता आवाज चढले. शेवटी अध्यक्षाबाई हसून म्हणाल्या, "सर्वांत वडील बाईंनी घराच्या रंगांचा इतिहास स्मरणिकेत लिहावा, तो वाचून मग ठरवू." सर्वांत वडील मीच, म्हणून हा लेख माझ्या वाट्यास आला.

इतिहास म्हटला म्हणजे राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. भिंतीच्या रंगाला कसला आला इतिहास, असे मलाही प्रथम वाटले. परंतु आठवू लागले तेव्हा असे दिसले की हा इतिहास बहुतांशी आपल्या बायकांच्या हातांचा आहे, आणि म्हणूनच तो कोणी लिहून ठेवलेला नाही.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावकीच्या जुन्या कागदांत हे शब्द येतात, आणि पांढरी सोडून जाणे म्हणजे गाव सोडून जाणे, असा अर्थ होत असे. शब्द उगाच पडलेले नाहीत. शेतातली माती काळ्या दगडाची झीज होऊन झालेली, म्हणून ती काळी. वस्तीच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती एकावर एक साचत गेली, म्हणून तेथली माती राखट पांढरी. उजाड झालेल्या गावाचे टेकाड जमिनीच्या रंगावरूनही ओळखू येते. माणूस राहिला की जमीन उजळते, असेच जणू आपल्या भाषेने म्हणून ठेवले आहे. फिकट आणि गडद यांचा आपल्या खोलीतला वाद तेव्हा आजचा नाही. तो काळी-पांढरीइतका जुना आहे.

मी १९७४ साली लग्न होऊन लोणारात आले. आमचे घर तेव्हा धाब्याचे होते. मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचा थर. पुढे ओसरी, मग माजघर, मागे चूल. माजघराला एकच खिडकी, तीही हातभर. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सासूबाई आम्हां जावांना घेऊन गावाबाहेरच्या खाणीवर पांढरी माती आणावयास निघत. पोखरलेल्या कडेखाली कोणी बसावयाचे नाही, ही त्यांची सक्त ताकीद असे. तेथे दरड केव्हा बसेल याचा नेम नसतो. माती घरी आणून रात्रभर भिजत घालावयाची, सकाळी फडक्यातून गाळावयाची आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने भिंत पोतारावयाची. भुईला सारवणे म्हणतात, भिंतीला पोतारणे. दोन्ही कामांचा हात निराळा. सारवताना हात अर्धगोल फिरतो. पोतारताना वरून खाली ओढावा लागतो, नाही तर वाळल्यावर फरकाटे दिसतात.

भिंत वाळली म्हणजे सासूबाई स्वतः गेरूचे भांडे घेऊन बसत. भुईपासून सुमारे दीड हात उंचीपर्यंत त्या गेरूचा पट्टा ओढीत. हे काम त्या दुसऱ्या कोणास देत नसत. एकदा मी विचारले, "आत्याबाई, सगळीच भिंत पांढरी ठेवली तर काय होईल? नाही तर सगळीच गेरूची केली तर?" त्यांनी हात न थांबविता उत्तर दिले, "माय, भितीले तोंड असते अन् पाय असते. तोंड धुतलेलं असावं. पाय मातीतच राह्यतात."

त्या वेळी मला हे बोलणे नुसते गमतीचे वाटले. आज त्यात मला चार कारणे दिसतात. पहिले, उजेडाचे. हातभर खिडकीतून येणारा प्रकाश पांढऱ्या भिंतीवर पडून खोलीभर परततो; गडद भिंत तो गिळून टाकते. दुसरे, दिव्याचे. आधी जवसाच्या नाही तर करडईच्या तेलाचा दिवा, मग रॉकेलची चिमणी. रॉकेलचे डबे खेड्यापाड्यांत पोहोचले ते रेल्वे आल्यावर; मुंबईहून निघालेला लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून मलकापूर, शेगावच्या बाजूने जाऊन १८६७ साली नागपूरला पोहोचला. दिवा कोणताही असो, त्याचा उजेड एवढासाच. तो पसरावयाचे काम भिंतीने करावयाचे. तिसरे कारण मळण्याचे. बसणाऱ्याची पाठ, पोरांचे हात, केरसुणीचा फटकारा, पावसाचे उडालेले शिंतोडे हे सगळे भिंतीच्या खालच्या भागालाच लागते. तेथे गेरू ते पोटात घेतो. चौथे कारण ओलीचे, पण त्याविषयी पुढे सांगते. मुद्दा एवढाच की फिकट की गडद, असा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. कोठे फिकट आणि कोठे गडद, एवढाच होता.

ही रीत सासूबाईंनी काढलेली नव्हे, आणि हे रंग तर फारच जुने आहेत. आपल्या शेजारी वाशीम आहे. त्याचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याची एक शाखा तेथून राज्य करीत होती. इसवी सनाच्या पाचव्या शतकात त्या शाखेचा राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे करविले. तेथील भिंती पाहावयास देशोदेशींचे लोक येतात. त्या भिंतींवर आधी माती, भाताचे तूस आणि गवताचे तंतू मिसळून केलेला गिलावा आहे, वर पांढरा पातळ हात आहे आणि त्यावर चित्रे आहेत. चित्रांतला निळा दगड परदेशाहून आलेला. बाकी गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, काजळीचा काळा, चुन्या-मातीचा पांढरा हे सर्व येथल्या मातीतले. म्हणजे राजाच्या प्रधानाने जे रंग वापरविले, त्यांतले तांबडा आणि पांढरा हे दोन सासूबाईंच्या मडक्यांत होते. मी त्यांना एकदा हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग त्याईच्या घरीही दिवाळी असन."

गेरू आणि पिवळी माती ही सख्खी भावंडे आहेत, हेही येथे सांगून ठेवते. दोहोंचा रंग लोहाच्या गंजामुळेच येतो. पिवळ्या मातीत त्या लोहाबरोबर पाण्याचा अंश असतो. ती भाजली म्हणजे पाणी निघून जाते आणि माती तांबडी होते. चुलीत पडलेले पिवळट मातीचे ढेकूळ तांबूस झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणूनच हे रंग शेजारी शेजारी ठेवले तर कधी भांडत नाहीत. बदामी, गव्हाळ, विटकरी, तपकिरी ही सगळी याच घराण्यातली नावे. आपल्या भाषेने ती नावे घेतली तीही घरातून आणि शेतातून: बदामी बदामावरून, गव्हाळ गव्हावरून, विटकरी विटेवरून, तपकिरी तपकिरीच्या डबीवरून. खाकी हा शब्दही खाक म्हणजे धूळ किंवा राख यावरून आलेला आहे.

गावातल्या बऱ्या घरांत मातीऐवजी चुना असे. चुनखडी भट्टीत भाजावयाची, ती पाण्यात विझवावयाची, काही दिवस मुरवत ठेवावयाची आणि मग भिंतीला हात द्यावयाचे. ओला चुना भिंतीवर विटकट दिसतो. वाळता वाळता तो हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि तेव्हा पांढरा उठतो. त्याच्या दाहक गुणाने किडे व रोगजंतू मरतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो प्रांतोप्रांती पसरला, तेव्हा घरे रिकामी करून आतून चुना देण्याचा सरकारी बडगा सुरू झाला. भिंत उजळ असणे म्हणजे घर निरोगी असणे, ही समजूत जुन्या माणसांच्या मनात घट्ट बसली तिच्यामागे असेही कडू अनुभव आहेत. ती समजूत अगदीच खोटी नव्हती; उजळ भिंतीवर ओल, बुरशी, ढेकूण लगेच दिसतात. पण चुन्याचा गुण पांढऱ्या रंगात नाही, चुन्यात आहे. आजचा पांढरा डबा आणून फासला म्हणजे जंतू मरतात, असे कोणी समजू नये.

चुन्यात नीळ घालावी की नाही, यावरही घरोघरी वाद होत. चुन्याला मुळात किंचित पिवळट झाक असते. निळीचा थेंब ती झाक मारतो आणि भिंत लख्ख पण थंड दिसते. आमच्या घरी नीळ घालीत नसत; उलट सासूबाई चुन्यात चिमूटभर पिवडी सोडीत. भिंत दुधावरच्या सायीसारखी होई. आज दुकानात 'क्रीम' नावाचा जो रंग मिळतो, तो हाच. नाव तेवढे नवे.

आता ओलीची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या गावाच्या नावाशी जोडलेली आहे. आपल्या सरोवराचे पाणी खारे आहे हे मुलांनाही ठाऊक आहे. लवणासुराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि लोणार हे नावही लवणावरूनच आलेले आहे. अबुल फजलाच्या 'ऐने अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, येथे काच आणि साबण करण्याचे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. २०२० च्या जून महिन्यात सरोवर गुलाबी झाले, तेव्हा सगळा देश कारण विचारू लागला. पाणी घटून खारटपणा वाढला, त्यात मिठात वाढणारे सूक्ष्म जीव माजले आणि त्यांच्या रंगाने पाणी रंगले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. सरोवराचा रंग बदलला म्हणजे आपण कारण शोधतो. घरच्या भिंतीचा रंग बदलला म्हणजे मात्र रंगाऱ्याला दोष देऊन मोकळे होतो.

भिंतीला लोणा लागतो असे आपण म्हणतो. हा लोणाही लवणाचाच वंशज. जमिनीतली ओल मातीच्या किंवा विटेच्या भिंतीतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते. तिच्याबरोबर विरघळलेले क्षार येतात. पाणी पृष्ठभागावरून उडून जाते, क्षार मागे राहून त्यांचे खडे होतात आणि ते वरचा थर ढकलून पाडतात. हे सरोवराकाठीच होते असे नाही. जेथे ओल आणि क्षार आहेत तेथे सर्वत्र होते. ही ओल बहुधा हातभर, फार तर कमरेएवढी चढते. सासूबाईंचा गेरूचा पट्टा नेमका तेवढाच उंच असे. माती आणि चुना भिंतीला श्वास घेऊ देतात. ओल बाहेर पडते, थोडा पापुद्रा निघतो आणि पुढच्या दिवाळीस पुन्हा हात फिरला की झाले. गडद पट्ट्यावर डागही कमी दिसतो. हे ते चौथे कारण.

यानंतर डब्यांचा काळ आला. तेलरंग अगदीच नवा नव्हता. वाड्यांच्या दारांना आणि खिडक्यांना तो पूर्वीपासून देत. त्याचे मूळ आपण चटणीला वापरतो त्या जवसाच्या तेलात आहे. ते तेल हवेत वाळून त्याचा कातड्यासारखा थर बनतो. खाण्याच्या बहुतेक तेलांचे तसे होत नाही. पण भिंतीला डब्यातला रंग द्यावयाचा, ही गोष्ट खेड्यांत स्वातंत्र्यानंतरच रुजली. १९४२ साली मुंबईत चार भागीदारांनी एशियन पेंट्स ही कंपनी काढली. मोठ्या शहरांतले व्यापारी विलायती कंपन्यांचा माल विकीत, म्हणून या मंडळींनी लहान लहान पुड्या आणि डबे करून खेड्यांकडे मोर्चा वळविला. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा काढला, तो गट्टू. आपल्यापैकी अनेकींनी त्याला दुकानाच्या पाटीवर पाहिले असेल. पोळ्याला बैलांची शिंगे रंगविण्यास लहान डबी घ्यावयाची, आणि उरलेला रंग दाराला लावावयाचा, अशी सुरुवात खेडोपाडी झाली. १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षांत गावोगाव दिवे आले. बटण दाबले की उजेड पडू लागला, तेव्हा भिंतीने उजेड पसरावा ही गरजच उरली नाही, असे लोकांना वाटले. डिस्टेंपर, सिमेंटचा रंग, तेलरंग हे सगळे हळूहळू बाजारात आले.

या बदलात एक गोष्ट झाली, ती कोणी टिपून ठेवली नाही. मातीचा रंग बायका ठरवीत, कारण तो त्याच देत. डब्याचा रंग पैसे देणारा ठरवू लागला आणि रंगारी देऊ लागला. आपण पोतारण्याच्या कष्टांतून सुटलो, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. दिवाळीपूर्वी आमचे खांदे भरून येत, हात चिरत. पण कष्टांबरोबर निवडही गेली. दुकानातली रंगपट्टी पुरुषांच्या खिशातून घरी येऊ लागली, आणि आम्ही चहा देता देता ती ओझरती पाहू लागलो.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. १९८६ साली आम्ही धाबे उतरवून विटांचे घर बांधले. माजघराला गडद चॉकलेटी तेलरंग द्यावयाचा ठरला. एका ओळखीच्या घरी तसा पाहिलेला, आणि "धूर दिसणार नाही, दहा वर्षे पाहावयास नको," असा हिशेब. मला विचारले तेव्हा मी म्हटले, "तुम्ही म्हणाल ते." खोली पश्चिमेची, खिडकी अजूनही लहान, हे मला दिसत होते, तरी मी बोलले नाही. रंग लागला. पहिले चार दिवस शेजारणी पाहावयास आल्या. भिंती आरशासारख्या चकाकत होत्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांनी आपले सूप उचलले आणि त्या ओसरीवर जाऊन बसू लागल्या. तांदूळ निवडणे, वाती वळणे, नातवाची गुंडी लावणे ही सगळी कामे त्या जन्मभर माजघरात करीत आल्या होत्या. मला वाटले, त्यांना ओसरीवरची हवा आवडते. पौष महिना आला, गार वारे सुटले, तरी त्या घोंगडी घेऊन ओसरीवरच. एक दिवस भातात खडा लागला. आमच्या घरी असे कधी झाले नव्हते. मामंजी रागावले. सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "काल थंडी होती, आत बसून निवडले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागला होता आणि आम्ही त्यांच्या खोलीतला होता तो उजेडही काढून घेतला होता. पांढऱ्या भिंतीत त्यांचे निभले असते. गडद भिंतीत पांढरा खडा आणि पांढरा तांदूळ त्यांना वेगळे दिसेनात. घरात चाळीस वर्षे ज्या बाईने भिंतींचा रंग ठरविला, तिला कोणी विचारले नव्हते. आणि तिच्या वतीने बोलू शकेल अशी एकच बाई घरात होती, ती मी.

दोन पावसाळ्यांनंतर भिंतीने आपणहून निकाल दिला. लोणा वर चढला. तेलरंगाच्या कातड्यातून ओल बाहेर पडेना, तेव्हा खाली फोड आले आणि ते फुटून पापुद्रे लोंबू लागले. मी तेव्हा पहिल्यांदा घरात तोंड उघडले आणि म्हटले, "हा रंग खरवडू या आणि चुना देऊ या." रंगारी हसला, पण त्याने खरवडले. सासूबाईंनी चुन्यात किती पिवडी सोडावयाची ते बोटाने दाखविले आणि खालचा गेरूचा पट्टा कापऱ्या हाताने निम्मा तरी स्वतः ओढला. त्या दिवाळीत त्यांचे सूप पुन्हा माजघरात आले. पुढे डोळ्याचे ऑपरेशनही झाले. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली.

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. जुन्या तेलरंगांत शिसे असे. ते मुलांच्या मेंदूस अपाय करते. आम्ही तो रंग कोरडाच खरवडला आणि पोरे भोवती खेळत होती. आज मला त्याची भीती वाटते. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणली आणि २०१७ पासून ती लागू झाली. म्हणून जुना रंग काढावयाचा झाल्यास भिंत ओली करून काढावा, मुलांना व गरोदर बाईला दूर ठेवावे, आणि माळ्यावर पडलेला जुना डबा वापरू नये.

आता आपल्या वादाकडे वळते. गडद रंगाची बाजू अगदीच लंगडी नाही. दैत्यसूदनाच्या देवळात गाभाऱ्यात अंधार आहे आणि तो तेथे शोभतो. समईचा उजेड त्यातच उठून दिसतो. पण तेथे कोणी तांदूळ निवडीत नाही. जी खोली फक्त रात्री निजावयास वापरतात, जिला मोठ्या खिडक्या आहेत, किंवा जेथे एकाच भिंतीला मान द्यावयाचा आहे, तेथे विटकरी किंवा तपकिरी रंग खोलीला आपलेपणा आणतो. पण बाकी हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार-पंचमांश भाग परत देते. मोतिया, फिकट बदामी सुमारे दोन-तृतीयांश देतात. विटकरी पाचवा भाग देते, आणि गडद कॉफीचा रंग दहावा भाग देतो की नाही. म्हणजे गडद रंग घेतला की दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि त्याचे बिल दर महिन्यास येते. घराच्या बाहेरून तर आपल्या वऱ्हाडच्या उन्हात गडद रंग म्हणजे भिंतीला घोंगडी पांघरल्यासारखे आहे. तो ऊन पितो आणि रात्री ते आत सोडतो.

आणखी दोन गोष्टी. रंग नेहमी आपल्याच दिव्याखाली पाहावा. पिवळसर दिव्याखाली जो बदामी रंग लोण्यासारखा दिसतो, तोच पांढऱ्या ट्यूबलाइटखाली राखट, आजारी दिसतो. आणि ओल्या भिंतीवर विश्वास ठेवू नये. माती आणि चुना वाळल्यावर फिके होतात. डब्यातला रंगही डब्यात एक, पट्टीवर दुसरा आणि भिंतीवर तिसरा दिसतो. म्हणून दोन-दोन हातांचे चौकोन भिंतीवर लावून घ्यावेत आणि सकाळी, तिसऱ्या प्रहरी व रात्री असे तीन वेळा, निदान दोन दिवस पाहावेत. एवढ्या रंगाला फार पैसे पडत नाहीत.

मंडळाच्या खोलीविषयी माझे मत आता सर्वांच्या ध्यानी आलेच असेल. आपल्या खोलीत शिवणाचा वर्ग चालतो, मुली अभ्यासाला बसतात, आणि भजनाच्या दिवशी साठी ओलांडलेल्या बाया वह्या डोळ्यांजवळ धरून गातात. त्या खोलीचे तोंड उजळ असावे. वर फिकट बदामी द्यावा. चुन्यात पिवडी चालली तर फारच उत्तम, कारण ती भिंतही पावसाळ्यात ओल धरते. खाली भुईपासून दीड-दोन हात गेरूचा पट्टा. म्हणजे मोतियावाल्यांचेही समाधान होईल आणि विटकरीवाल्यांचेही. चपलांचा, खुर्च्यांच्या पाठींचा आणि लोण्याचा डाग गेरू पोटात घेईल.

पण याहून एक मोठी विनंती आहे. रंग देण्याआधी जी बाई त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ बसते, जिचे डोळे सर्वांत मंद आहेत, आणि जी सभेत कधी बोलत नाही, तिला आधी विचारा. तिने "तुम्ही म्हणाल ते" असे म्हटले, तर पुन्हा विचारा. मी स्वतः ते उत्तर दिले होते आणि त्याची किंमत दुसरीने ओसरीवर थंडीत बसून चुकविली.

चौकोन लावावयाचे ठरले तर पहिला मी लावीन. गेरूचे भांडे अजून माझ्याकडे आहे.